पंपामागची गळती

॥ श्री ॥

अल-खर्ज, सौदी अरेबिया
दि. ३ ऑक्टोबर १९८२

तीर्थस्वरूप अक्कास,
दत्तारामचा शि. सा. न. वि. वि.

तुझं गणपतीतलं पत्र मिळालं. अक्षर शोभनाचं असलं तरी बोलणं तुझंच, कारण पहिल्याच ओळीत मला ओरडा होता. तब्येत ठीक आहे. जेवतो. आमच्या मेसचा कुक उस्मान दापोलीकडचा, त्यामुळे अधूनमधून कालवणाला आपल्याकडची चव लागते. उन्हाळा उतरणीला लागलाय. दुपारी पाना हातात धरवतो, एवढं तरी झालं.

इथलं शेत केवढं, असं विचारलंस. बांध दिसत नाही, एवढं. वाळूत खोल बोअर मारायचं, पाणी वर ओढायचं आणि चाकांवर गोल फिरणाऱ्या लांबलचक पाइपातून शिंपडायचं. आता गुरांसाठी लसूणघास आहे, थंडीत गहू पेरतील. तेलाच्या पैशावर वाळूत गहू काढताहेत आणि पंप बंद पडू न देणं हे तुझ्या भावाचं काम.

आता ज्यासाठी पत्र लिहायला बसलो ते. उन्हाळ्यापासून माझ्या खोलीत एक मद्रासी आलाय. नाव अय्याकण्णू, तंजावरकडचा. चाळिशी उलटलेला, पाइप सरकवायच्या कामावर. माणूस गप्प. हिंदी त्याला माझ्या अरबीएवढीच येते. हा रोज उजाडता उजाडता आणि पुन्हा काम सुटल्यावर पाच नंबरच्या पंपामागे जातो. तिथे त्याने रिकामे ड्रम गोलाकार रचलेत आणि त्यावर पोती अडकवलीत. आत काय आहे ते दिसत नाही. एकदा सहज तिकडे वळलो तर हा असा आडवा आला की मीच ओशाळून परतलो.

त्या पंपाच्या शाफ्टापाशी पाणी गळतं. आतलं पॅकिंग झिजलंय. मी ते बदलायला घेतलं, तर धावत येऊन त्याने माझं मनगट धरलं आणि मोडक्या हिंदीत म्हणाला की हे असंच राहू दे, भाई, बंद करू नकोस. पंप माझा, गळती माझ्या नावावर आणि ती चालू राहावी म्हणून हातापाया पडतोय पाइप सरकवणारा!

मागच्या महिन्यात शेजारच्या कॅम्पात पोलीस आले. एकाच्या गादीत गांजा निघाला. त्याला नेलं ते नेलंच, खोलीतल्या बाकीच्यांनाही नेलं. इथे एकाने केलं म्हणजे खोलीने केलं. आता तूच सांग, आडोसा, पाणी आणि एवढी लपवाछपवी कशाला लागते? मला झोप लागत नाही.

भात कापणीला आलं असेल. शोभनाला आणि पोरीला सांभाळ. तुझी माया आहेच, ती अशीच राहू दे.

तुझा
दत्ताराम


॥ श्री ॥

मु. आंबेकोंड, जि. रत्नागिरी
दि. २४ ऑक्टोबर १९८२

चि. दत्तारामास,
अक्काचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

हे पत्र मी माझ्या हाताने लिहिते आहे. अक्षर वाकडंतिकडं आहे, लावून वाच. शोभनाला लिहायला बसवलं नाही, त्याचं कारण पुढे येईल.

कापणी अर्धी झाली. वरच्या चोंढ्यात भात आडवं पडलं, पण सडकेकडचं खाचर यंदा असं भरलं आहे की बघत राहावं. दसऱ्याला दाराला बांधायच्या लोंब्या तिथल्याच आणणार.

आता ऐक. गेल्या मंगळवारी मी झोडणीला होते. सडकेकडे बघते तर पँट घातलेला एक माणूस त्याच खाचराच्या बांधावर टेप धरून उभा. मी खालून हाक मारली, तर म्हणाला की दत्ताभाऊंचा निरोप आहे, माप घेऊन ठेवायचं. कसलं माप, ते सांगेना. घरी येऊन शोभनाला विचारलं, तर ती चुलीपुढून उठलीच नाही. धूर डोळ्यात जातोय म्हणाली. चुलीत धूर नव्हता. तिला तुझं वेगळं पत्र येतं, हे पोस्टमन बोलून गेला. नवराबायकोने पत्र लिहावं, मी कशाला मध्ये येऊ? पण तुझे भावोजी गेले आणि मी या घरी परतले तेव्हा तू पाटी घेऊन शाळेत जात होतास. तेव्हापासून दर पावसाळ्यात त्या खाचरात माझे पाय आहेत. त्याचं माप कशासाठी, ते मला साध्या शब्दांत कळव.

तुझ्या मद्राशाबद्दल. तू घाबरट आहेस ते लहानपणापासून. मला एवढं सांग, तो तिकडे चपला घालून जातो की अनवाणी? परत येतो तेव्हा अंगाला वास कसला येतो? पायाला काय लागलेलं असतं? आणि तोवर तोंड बंद ठेव. एखाद्याचं नाव साहेबाच्या कानावर घालायला क्षण लागतो, ते परत घेता येत नाही.

पोर बरी आहे, दात पडला. जपून राहा आणि आम्हाला अंतर देऊ नकोस.

तुझी
अक्का (सत्यभामा)


॥ श्री ॥

अल-खर्ज
दि. १२ नोव्हेंबर १९८२

तीर्थस्वरूप अक्कास,
दत्तारामचा शि. सा. न. वि. वि.

तू स्वतः लिहिलेलं पत्र बघून आधी वाटलं, शोभनाला काही झालं की काय, मग बरं वाटलं. टेपवाल्याचं काय ते बघतो. कुणाचा तरी घोळ झाला असेल. शोभनाला उगाच बोलू नकोस.

अय्याकण्णूचं प्रकरण आता पुढे गेलंय. तू विचारलंस म्हणून नीट पाहिलं. तो अनवाणी जातो. येतो तेव्हा पोटऱ्यांपर्यंत चिखल वाळलेला असतो. वास म्हणशील तर ओल्या मातीचा, दुसरा नाही. पण गेल्या काही दिवसांपासून तो तिकडे टाळ्या वाजवतो. खरंच. मी पंपाशी असतो आणि पलीकडून टाळ्या ऐकू येतात, मध्येच तोंडाने हुर्र असा आवाज. उस्मान म्हणतो की ही खूण असणार, मालाचा वाटेकरी कुंपणापलीकडे येत असणार.

उस्मानने आणखी एक गोष्ट सांगितली. रियाधला बाजाराला जाताना अय्याकण्णूने त्याला गूळ आणायला सांगितलाय आणि मातीचं कोरं मडकं मिळालं तर तेही. तांदूळ लागतील का, असं उस्मानने मुद्दाम विचारलं. तर म्हणाला, तांदूळ नको, आहेत. गूळ, मडकं आणि तांदूळ एकत्र आले की काय गाळतात, हे उस्मानने मला हळूच विचारलं. इथे दारूला काय शिक्षा आहे ते तुला लिहीत नाही, तू घाबरशील.

परवा त्याला घरून पत्र आलं. वाचून तो भिंतीकडे तोंड करून पडून राहिला, जेवला नाही. मी विचारलं तर पत्र उशीखाली सारलं. हल्ली तो माझ्यापासून बॅगही लपवतो. कुलूप लावतो, किल्ली गळ्यात. मी काय त्याच्या लुंग्या चोरणार आहे?

अक्का, मी काल त्या पंपाचं पॅकिंग बदललं. गळती बंद केली. संध्याकाळी तो कोरड्या पाइपाजवळ कितीतरी वेळ उभा होता. मला वाटलं अंगावर येईल. आला नाही. माझ्याकडे एकदा बघितलं, मेसमधून बादली आणली आणि टाकीवरून पाणी वाहून न्यायला लागला. आज पहाटेही नेत होता.

साहेब रियाधला गेलेत, महिनाअखेर येतील. आले की सगळं सांगणार आहे. मी आधी सांगितलं तर निदान मी वाचेन. पोरीचं तोंड डोळ्यांपुढे येतं.

माझ्यावर रागावू नकोस. तुझ्या मायेवरच इथले दिवस काढतोय.

तुझा
दत्ताराम


॥ श्री ॥

मु. आंबेकोंड
दि. २८ नोव्हेंबर १९८२

चि. दत्तारामास,
अक्काचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

पत्र आजच मिळालं. वाचलं आणि तशीच उठून तालुक्याला तार करायला गेले. मास्तरांनी इंग्रजी अक्षरात आपली भाषा लिहून दिली. तार तुला आधी मिळेल, हे पत्र मागाहून.

अरे, गांजा पाण्यात पाय बुडवून उभा राहतो का? उन्हाळ्यात रुजत घातलेलं, चिखल मागणारं, सारखं पाणी लागणारं आणि आता ज्याच्यावर पाखरं यायला लागली आहेत असं पीक कोणतं? तो टाळ्या पाखरांना वाजवतो आहे. तूच लहानपणी त्याच खाचराच्या कडेला पत्र्याचा डबा बडवत बसायचास आणि आता कुणी हुर्र केलं तर तुला चोर दिसतात. पाखरं दाण्यात दूध भरताना येतात. म्हणजे तू गळती बंद केलीस ती नेमकी पोटात दाणा धरताना. बाळंतिणीचं पाणी तोडलंस, दत्ता.

लपवतो कशाला, असं म्हणशील. परक्याच्या जमिनीत, परक्याच्या पाण्यावर कुणी पीक घेतलं तर तो गावभर सांगत फिरेल का? कदाचित त्या तांदळाचं देवाला काही करायचं असेल आणि तिथे तसं उघड चालत नाही, हे तूच मला पहिल्या वर्षी कळवलं होतंस. मडकं कोरं हवं म्हणाला ना? दारू गाळणाऱ्याला कोरं मडकं कशाला लागतं?

पण माझं ऐकून विश्वास ठेवू नकोस. मी इथे बसून बोलते, चुकतही असेन. जाऊन डोळ्यांनी बघ. मग तोंड उघड.

टेपवाल्याबद्दल तू जे लिहिलंस त्यावर माझा विश्वास नाही. घोळ झाला असता तर त्याला तुझं नाव कुठून कळलं? तेही साध्या शब्दांत येऊ दे. आमच्यावरचा जीव कमी करू नकोस.

तुझी
अक्का


॥ श्री ॥

अल-खर्ज
दि. ९ डिसेंबर १९८२

तीर्थस्वरूप अक्कास,
दत्तारामचा शि. सा. न. वि. वि.

तुझी तार मिळाली, पण कशी मिळाली ते ऐक. मला ऑफिसात बोलावलं. टेबलापलीकडे कंपनीचा सिक्युरिटीवाला, त्याच्या हातात कागद. त्यावर इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं, बोलू नको, ते भात आहे, जाऊन बघ. त्याने माझा इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, मागितला आणि खणात टाकला. मग विचारायला लागला की ही कसली खूण आहे, काय बोलू नको, कुणाला बोलू नको, भात म्हणजे कोण. मी म्हणालो, तांदूळ. म्हणाला, तांदळासाठी कुणी सौदीला तार करतं का? त्याला काय सांगणार, तो माझ्या बहिणीला ओळखत नाही! मी घाम पुसत होतो आणि घाम पुसतो म्हणून तो आणखी संशयाने बघत होता. जे खरं ते सांगत होतो, पण माझ्याच कानाला ते खोटं वाटत होतं. शेवटी उस्मानला बोलावलं. त्याने अरबीत समजावलं की यांची बहीण अडाणी आहे, गावच्या पिकाची बातमी कळवलीय. रागावू नकोस, त्या अडाणी शब्दानेच सुटलो. इकामा परत मिळाला. खोलीत न जाता तडक पाच नंबरला गेलो.

पोतं बाजूला केलं. अक्का, आत भात होतं.

आपल्या माजघराएवढी जागा. वाळूत खड्डा करून त्यात कुठून कुठून आणलेली माती आणि डेअरीवरचं शेण घातलेलं. चारी बाजूंनी बोटभर उंचीचा बांध, तोही हाताने लिंपलेला. मधल्या लोंब्या भरलेल्या. कडेच्या पोचट, पांढऱ्या पडलेल्या. जमीन तडकलेली. बादल्यांनी मधलं तेवढं वाचलं होतं. एक दाणा नखाने दाबला तर आत अजून ओल होती. मी तिथेच खाली बसलो. किती वर्षांनी भाताचा वास आला. मग उठून पंपाचं नवं पॅकिंग ढिलं केलं.

पाणी सुटलं तेवढ्यात तो बादल्या घेऊन आला. त्याने मला ड्रमांच्या आत बघितलं, हातात पाना. त्याला वाटलं, मी उपटायला आलोय. बादल्या खाली ठेवून हात जोडले आणि म्हणाला की पोलिसांना बोलवायचं तर बोलव, फक्त आधी मला कापू दे. मी पाण्याकडे बोट केलं. पाणी बघूनही त्याचा विश्वास बसेना. पॅकिंगला हात लावून बघितलं, मग माझ्याकडे. बॅगेला कुलूप का होतं ते तेव्हा कळलं. जसा मी त्याच्यावर डोळा ठेवून होतो, तसाच तो माझ्यावर.

मग थोडंथोडं सांगितलं. बियाणं त्याने लुंगीच्या काठात शिवून आणलं. त्यांच्याकडे आपल्या संक्रांतीच्या दिवशी पोंगल असतो. स्वतःच्या हातच्या नव्या तांदळाचा भात सूर्यासमोर उतू घालवायचा, त्याशिवाय नवं खायचं नाही. इथे कंपनीचा तांदूळ खाऊन सण करायला त्याचं मन घेईना, म्हणून ही खटपट. आणि ते पत्र? बायकोचं. यंदा त्यांच्या कालव्याला कावेरीचं पाणीच आलं नाही. रोपं वाफ्यात जळली. सण दुकानाच्या तांदळावर करावा लागणार, असं तिने लिहिलं होतं. म्हणजे त्यांच्या घरात यंदा पिकलेलं भात एवढंच, अक्का, पंपामागचं. ते मी सुकवत होतो.

साहेब आले. गळती बघितली. मी सांगितलं की पॅकिंगचा माल हलका आहे, घट्ट केलं तर शाफ्ट तापतो, काही दिवस गळू द्यावं लागेल. माझ्या कामात ढिलाई आहे असा शेरा मिळाला. मिळू दे.

कापणी पुढच्या आठवड्यात. लोभ वाढव, मी त्याला पात्र होईन.

तुझा
दत्ताराम


॥ श्री ॥

मु. आंबेकोंड
दि. २६ डिसेंबर १९८२

चि. दत्तारामास,
अक्काचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

उस्मानला अडाणी बाईने पाठवलेला सलाम पोचता कर.

पत्र मी शोभनाकडून दोनदा वाचून घेतलं. ती मद्राशाच्या बायकोपाशी आली आणि कागद खाली ठेवून चुलीत लाकूड सारायला उठली. मलाही त्या बाईचं फार लागलं. घरात कणगी असून दुकानाची पिशवी उघडायची म्हणजे काय, ते बाईलाच कळतं.

कडेचं पोचट झालं त्याचं वाईट वाटून घे, पण त्यातच बसू नकोस. एव्हाना कापलं असेल, तर ढिगात दाबून ठेवू नका, तुमच्याकडे थंडीत दव पडत असेल तर पेंढी उभी करून वाळवा. त्याला माहीत असेल म्हणा.

दत्ता, तू सगळ्या गोष्टींना उत्तर दिलंस, एका सोडून. मागच्या सोमवारी टेपवाला पुन्हा आला आणि खाचरात खुंट्या ठोकून गेला. चार कोपऱ्यांना चार, मध्ये दोरी. मी कुणाला काही विचारलं नाही. खुंट्या उपटल्या आणि पाणी तापवायच्या चुलीत घातल्या. शोभना बघत होती. मग रडत रडत तिने सांगितलं की तिथे घर येणार आहे, स्लॅबचं, सडकेला तोंड करून, आणि अक्काला आधी कळलं तर ती मोडता घालेल म्हणून तू गप्प राहायला सांगितलंस.

तिला मी काही बोलले नाही. पण या घरात एका चुलीवर आम्ही दोघी रांधतो आणि एवढे महिने ती माझ्या पाठीमागून माझ्याकडे बघत होती, मी तिच्याकडे. हे तू लांबून केलंस.

खरं खोटं तुझ्या तोंडून ऐकायचं आहे. तोवर खुंट्या येतील तशा चुलीत जातील. जीव लावणाऱ्यांशी आडपडदा ठेवू नये, एवढंच मागणं.

तुझी
अक्का


॥ श्री ॥

अल-खर्ज
दि. २१ जानेवारी १९८३

तीर्थस्वरूप अक्कास,
दत्तारामचा शि. सा. न. वि. वि.

शोभना म्हणाली ते खरं आहे. सडकेकडच्या खाचरात घर बांधायचं मी ठरवलं होतं आणि तुला विचारलं नव्हतं. इथे सगळे आपापल्या घराचे फोटो दाखवतात, स्लॅब, ग्रिल, गॅलरी. सडकेवरून दिसलं पाहिजे असं मलाही वाटलं. तू नाही म्हणशील, ही भीती होती. तुझ्या मनात काय आहे ते विचारण्याऐवजी तुझा नकार मीच ठरवून टाकला आणि तुझ्या नावावर लावला. हे आधीच लिहायला हवं होतं. टाळत राहिलो.

आता पोंगलचं सांगतो, कारण तुला ऐकायचं असेल.

भात झोडून, मेसच्या उखळीत कांडून हाती आलं ते एका मडक्यापुरतंच. आदल्या दिवशी अय्याकण्णूने खोली धुतली, फाटकी बनियनं आणि जुनी चटई जाळली. जुनं काढून टाकल्याशिवाय नवं शिजवायचं नाही म्हणाला. संक्रांत शुक्रवारी होती, सुट्टीचा दिवस. मेसचं मागचं दार पूर्वेला उघडतं, ते उस्मानने आम्हाला दिलं. कुणी बघितलं असतं तर सगळ्यात आधी तोच अडकला असता. मी तसं म्हणालो, तर म्हणाला की कुकने पहाटे भात शिजवला तर कोण काय म्हणणार! तरी तो सगळा वेळ पुढच्या दाराशी उभा राहून रस्त्याकडे बघत होता.

मडक्याच्या गळ्याला हळदीचं रोप बांधलं. तेही त्याने डब्यात वाढवलेलं. दूध उकळलं, तांदूळ घातले, गूळ, वेलची. मग आम्ही तिघे नुसते मडक्याकडे बघत बसलो. सूर्य वाळूवरून वर आला आणि भात उतू गेला. आपल्याकडे उतू गेलं की बायका धावतात, त्यांच्याकडे तीच घटका. सगळं घर तेव्हा ओरडतं, पोंगलो पोंगल. इथे ओरडायची सोय नाही. त्याने ते ओठांतल्या ओठांत म्हटलं, डोळे मिटून, आणि गालांवरून पाणी. मग मला खूण केली. मीही हळूच म्हटलं.

मी विचारलं की उतू का घालवायचा. म्हणाला, मडक्यात मावेल एवढंच पिकलं तर फक्त आपलं पोट भरतं, मडक्याबाहेर गेलं पाहिजे. पहिला वाटा सूर्याचा. दुसऱ्या दिवशीचा गुरांचा, त्यांना धुऊन, शिंगं रंगवून, आधी त्यांना खाऊ घालायचं. माणसाचा नंबर मागून. ज्याने पिकवलं त्याला आधी, खाणाऱ्याला नंतर, एवढाच हा सण आहे म्हणाला.

गुरांचा वाटा घेऊन दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही पलीकडच्या डेअरीच्या कुंपणाशी गेलो. काळ्यापांढऱ्या विलायती गायी, सावलीला पत्रे, पाण्याचे फवारे. अय्याकण्णूने केळीच्या पानाऐवजी वर्तमानपत्रावर भात धरून हात आत घातला, तर पहारेकरी काठी घेऊन धावला. आम्ही गायींना विष घालतोय असं त्याला वाटलं. भाताचा घास स्वतःच्या तोंडात घालून दाखवला तरी पटेना, हाकलून दिलं. वाटेत एक सुदानी मेंढपाळ होता. अय्याकण्णूने त्याला काही समजावलंच नाही, नुसता भात पुढे धरला आणि मेंढीकडे बोट दाखवलं. म्हातारा हसला, मेंढीचं तोंड धरून पुढे आणलं. तिने वर्तमानपत्रासकट खाल्लं.

परतल्यावर उरलेला भात गरम करून मला पहिला घास देताना अय्याकण्णूला ठाऊक होतं की गळती मी मुद्दाम बंद केली होती. मी तोंड उघडणार, तेवढ्यात त्याने वाटी हातात ठेवली आणि म्हणाला की गरम आहे, फुंकून खा. मी फुंकून खाल्लं.

अक्का, खाचर बापाचं आहे, पण त्यात पिकवलंस तू. विचारायला उशीर झाला, तरी विचारतो. घर कुठे बांधू? तू सांगशील ते शोभनाला मान्य आहे, तिचं पत्र आलंय. नको म्हणालीस तरी लोभ तेवढाच ठेव.

तुझा
दत्ताराम


॥ श्री ॥

मु. आंबेकोंड
दि. १० फेब्रुवारी १९८३

चि. दत्तारामास,
अक्काचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

पत्र मिळालं. शोभनाने वाचलं, मी ऐकलं, मग दोघींनी चहा केला. एवढ्या महिन्यांनी आम्ही चुलीपुढे एकमेकींकडे तोंड करून बसलो.

आता मी तुला एक सांगते, ते तुझ्या ध्यानीमनी नसेल. तू विचारलं असतंस तर मी नाही म्हटलं नसतं. माझे गुडघे गेले आहेत, दत्ता. लावणीच्या दिवसांत संध्याकाळी बांधावर चढताना पोरीचा हात धरावा लागतो. मागच्या पावसाळ्यात मीच एकदा त्या खाचरात उभी राहून म्हटलं होतं, आता पुरे, इथे काहीतरी बांधून टाका आणि मला सडकेवरच्या गाड्या बघत बसू द्या. मोठ्याने म्हटलं होतं. ऐकायला कुणी नव्हतं.

म्हणून खुंट्या जाळल्या त्या खाचरासाठी जाळल्या असं समजू नकोस. माझ्या पाठीमागे ठोकल्या म्हणून जाळल्या.

पण ती तार करून घरी आले तेव्हापासून माझंच मन पलटलं आहे. तो माणूस वाळूत बांध लिंपतो आणि मी इथे भरलं खाचर स्लॅबखाली घालायला तयार झाले होते. गुडघे म्हणतात एक, मन म्हणतं दुसरं. त्यामुळे तू विचारतोस त्याला माझ्याकडे उत्तर नाही. तुझ्याकडेही नाही, कारण तू किती वर्षांत त्या चिखलात पाय घातलेला नाहीस. शोभनाला सडक हवी आहे, तेही खोटं नाही. सडकेकडे घर झालं तर पोरीला शाळेची एस.टी. दारात मिळेल.

तेव्हा पत्रातून ‘हो’ही नाही आणि पत्रातून ‘नाही’ही नाही. रजा घे आणि लावणीला ये. फोटो काढायला नको, लावणीला. वाडीतल्या पांडूचा नांगर मी सांगून ठेवते. तू, मी, शोभना, तिघं खाचरात उतरू. तुझी कंबर मोडेल, हाताला फोड येतील, मी बांधावर चढताना हात पुढे करायला तू असशील. लावणी उरकली की तिघं तिथेच बांधावर बसू. घर कुठे, ते तेव्हा ठरवू, ओल्या पायांनी. तू तेव्हाही म्हणालास इथेच, तर मी पहिली खुंटी माझ्या हाताने ठोकीन आणि पुन्हा तोंडातून शब्द काढणार नाही.

अय्याकण्णूच्या बायकोला पत्र पाठवायचं शोभनाच्या मनात आहे. भाषा कुठली वापरायची, यावर आमचं अडलं आहे. तिचा पत्ता मात्र कळव.

रजा मिळाली का, ते लगेच लिही. माया तर आहेच, पण या खेपेला नुसत्या मायेवर भागणार नाही, माणूस पाहिजे.

तुझी
अक्का